अठराव्या वाढदिवसाची तयारी सोळाव्या वर्षी: इंदुरातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसोबत काम करायचं ठरवलं असेल, तर ती १६ वर्षांची असतानाच हात घाला. शेवटच्या तीन महिन्यांत धावपळ करून खोली मिळेल एक वेळ, कागद जुळत नाहीत. आणि कागदांवाचून पुढचं सगळं अडतं.

सगळ्यात मोठा घोळ जन्मतारखेचा. सापडलेल्या मुलाचं वय अंदाजानं लिहिलेलं असतं. शाळेत एक तारीख, आधारवर दुसरी. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, मग पालिकेचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. मध्य प्रदेश बोर्डाचं नामांकन (विद्यार्थ्याची बोर्डाकडे नोंदणी) नववीत होतं, म्हणून शाळेतली तारीख त्याआधी तपासा. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. ती संधी घाईत वाया घालवू नका. बाकीचे कागद जुळल्यावरच तिथे जा. मूल १५ वर्षांचं झाल्यावर आधारसाठी बोटांचे ठसे पुन्हा द्यायचे असतात, तेही बघा.

आधारला मोबाईल नंबर बहुतेक वेळा बालगृहाच्या अधीक्षकांचा जोडलेला असतो. मूल बाहेर पडतं आणि ओटीपी मात्र संस्थेतच येत राहतो. बाहेर पडण्याआधी मुलाचा स्वतःचा नंबर जोडा. समग्र आयडीही (राज्य सरकारचा ओळख क्रमांक) पाहून घ्या, मध्य प्रदेशात शिष्यवृत्तीपासून बऱ्याच गोष्टी त्यावर अडतात. बँकेचं अल्पवयीन खातं १८ पूर्ण होताच नव्या सहीनं आणि केवायसीनं चालू करून घ्यावं लागतं, नाहीतर पहिला पगार अडकतो.

बाल न्याय कायद्याचंच कलम ४६ बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मदतीची तरतूद करतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे पश्चात देखरेख, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरची मदत, २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत मिळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये धरलेले आहेत. मध्य प्रदेशाच्या २०२२ च्या मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेत इंटर्नशिप आणि व्यावसायिक प्रशिक्षणासाठी वेगळी मदत आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून पहिल्या महिन्यांचा हिशेब या पैशांवर बांधू नका.

तो हिशेब मुलासमोर बसून, कागदावर करा. १ तारखेला कामाला लागलं तरी पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या सुमारास येतो. म्हणजे डिपॉझिट, भाडं, मेसचे आगाऊ पैसे आणि किमान ४० दिवसांचा खर्च आधी हातात हवा. तो नसला की मोबाईलवरच्या कर्ज-अ‍ॅपची पाळी येते, आणि तिथून बाहेर काढणं फार जड जातं. '१२ हजार पगार' सांगितलं असेल आणि पूर्ण रकमेवर कपात होत असेल, तर पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) ९० जाऊन १०,४७० हातात येतात. हे आधी सांगितलं नाही तर मुलाला ठेकेदारानं लुबाडलं असं वाटतं आणि ते काम सोडतं. उलट, पैसे कापले जात असूनही यूएएन (पीएफ खात्याचा ओळख क्रमांक) दिला जात नसेल, तर संशय घ्यायलाच हवा.

इंदूरबाहेरच्या पीथमपूर औद्योगिक भागात काम लागलं तर खोली राऊ किंवा महूकडे बघा. शहरातल्या भंवरकुआँ भागात सोबती असतात, पण रात्रपाळीनंतरची ये-जा मुलं फार दिवस झेपवत नाहीत. घरमालक पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देतात. संस्थेचं पत्र, आधारची प्रत आणि फोटो तयार ठेवा. 'घरचे कोण?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे मुलानं ठरवावं. त्याची सगळी कहाणी घरमालकाला सांगायचा हक्क आपल्याला नाही.

पहिली नोकरी बहुधा टिकत नाही. ती सुटणं हे अपयश मानू नका, मुलालाही मानू देऊ नका. त्या आठवड्यात फोन उचलणारं एक मोठं माणूस लागतं. तीन संस्थांचे तीन नंबर त्याची जागा घेत नाहीत. हे माणूस बाहेर पडण्याआधी वर्षभर तरी मुलाच्या ओळखीचं हवं. रामबाग, सुदामानगर भागातली मराठी घरं यासाठी विचारून बघा, पैसे नकोत, वेळ मागा. दिवाळीत मेस बंद असतात, सोबती गावी जातात आणि खोलीत मूल एकटं उरतं. त्या चार दिवसांचं जेवण कुठे, हे दसऱ्यापर्यंत ठरवून टाका आणि मुलाला तसं स्पष्ट कळवा.