डिस्प्ले पेटतो, पण बोलत नाही? या चुका टाळा

"काका, लाइट तर लागून राह्यला, मग अक्षरं काहून नाही दिसून राह्यले?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की फोन उचलतानाच माझं उत्तर तयार असतं. केबल बदल. समोरच्याला ते पटत नाही. त्याला ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला ते उपकरण चालवता यावं म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमची, लिंक हवी असते.

यूएसबीचा म्हणून जो डिस्प्ले आपण घेतो, मग तो दुकानाच्या काउंटरवरचा दोन ओळींचा असो की कॉलेज प्रोजेक्टमधला वीस बाय चारचा, त्यातल्या बहुतेकांच्या पोटात जुनं सीरियल पोर्टच असतं, एकामागून एक बिट पाठवणारं. सीएच३४०, सीपी२१०२ असली एखादी चिप मध्ये बसून यूएसबीचं सीरियल करून देते. बॅकलाइटला, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याला, या भानगडीशी काही घेणंदेणं नाही. पाच व्होल्ट मिळाले की तो पेटतो. दिवा लागला म्हणजे वीज पोचली, एवढंच समजायचं.

आता केबल. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात: लाल आणि काळी विजेची, पांढरी आणि हिरवी डेटाची. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलीत डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात, आणि घात तिथेच होतो.

नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजातलं फायनल इयरचं पोट्टं एकदा रात्री नऊला माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी व्हायवा. दोन दिवसांत त्यानं चार वेळा ड्रायव्हर टाकला होता, शेवटी विंडोजसुद्धा फॉरमॅट मारली होती. मी त्याचा डिस्प्ले लॅपटॉपला जोडला. बॅकलाइट निळा झाला, पण लॅपटॉपमधून तो 'टुंग' आवाज काही आला नाही. विचारलं, केबल कुठली? म्हणे, ट्रिमरची. माझी केबल लावली आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या विंडोजमधल्या यादीत, कॉम ७ या नंबरानं सीरियल पोर्ट हजर. त्याची केबल मी त्याच्यासमोरच कटरनं कापली. ही माझी सवय आहे; असली केबल घरात राहिली की पुन्हा कुणाच्या तरी हातात येतेच. पोट्टं चिडलं, "काका, आता ट्रिमर कशानं चार्ज करू?" मुद्दा बरोबर होता. त्याला एक चार्जर द्यावा लागला. तेव्हापासून तपासून पाहिलेल्या केबलीच्या टोकाला मी बायकोच्या लाल नेलपॉलिशचा पट्टा मारतो. पट्टा नसलेल्या केबलीवर मी कुठलाही डिस्प्ले तपासत नाही.

ड्रायव्हरला हात लावायच्या आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून बसा आणि केबल काढा-घाला करा. यादी हललीच नाही तर केबल, पोर्ट किंवा वीज बघा. तिथे ड्रायव्हरचा संबंध येत नाही, कारण ड्रायव्हर नसला तरी विंडोज पिवळ्या खुणेची नोंद दाखवतंच. पिवळी खूण आली तर खुशाल ड्रायव्हर शोधा. कॉम नंबर नीट आला आणि तरी पडदा कोरा असेल तर चूक बहुधा तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. तिथे मला फोन करायच्या आधी पोर्ट नंबर बघा. सीएच३४०वाल्या बऱ्याच मॉड्यूलांत स्वतःची ओळख सांगणारा सीरियल नंबर नसतो, त्यामुळे यूएसबीचं दुसरं भोक वापरलं की विंडोज नवाच कॉम नंबर देतं आणि तुमचा प्रोग्रॅम जुन्याच दारावर थापा मारत बसतो.

मधली चिप पीएल२३०३ असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड १०' ही एरर येत असेल तर बहुधा नवा ड्रायव्हर जुन्या किंवा नकली चिपला नाकारतोय. नकली चिपांचं दुखणं जुनंच आहे. २०१४ मध्ये एफटीडीआय या असल्याच चिपा बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हर अपडेटनं नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी, म्हणजे विंडोजला ओळख पटवणारा नंबर, शून्य करून टाकला होता आणि लोकांची चालती उपकरणं एका रात्रीत मुकी झाली होती. 'लेटेस्ट ड्रायव्हर टाका' हा सल्ला मी डोळे मिटून कुणालाही देत नाही.

काही चुका एका ओळीच्या आहेत. सीरियल मॉनिटर (पोर्टवरचा मजकूर दाखवणारी खिडकी) उघडा ठेवून वर आपला प्रोग्रॅम चालवू नका. विंडोजवर एक पोर्ट एका वेळी एकालाच मिळतं. पाच मीटरपेक्षा लांब यूएसबी केबल नको. मध्ये आर्डुइनोचा छोटा कंट्रोलर बोर्ड असेल तर पोर्ट उघडताच तो बहुधा रिसेट होतो, म्हणून पहिला मजकूर पाठवायच्या आधी दोन सेकंद थांबा. घाई करणाऱ्यांची पहिली ओळ नेहमी गिळली जाते. नेक्स्टियन या टच डिस्प्लेच्या प्रत्येक कमांडच्या शेवटी एफएफचे (हेक्समध्ये, म्हणजे २५५ चे) तीन बाइट लागतात, दोन नाही. उबुंटू लिनक्स २२.०४ वर सीएच३४० जोडताच गायब होत असेल तर अंधांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम त्याला आपलं समजून पळवतोय. तो लागत नसेल तर काढून टाका.

आणि पडद्यावर कचरा दिसला तर रडू नका, मी तर खूश होतो. डेटा पोचतोय, बहुधा फक्त बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, चुकलाय. ९६००, १९२००, ११५२०० करून बघा.

आता माझी स्वतःची फजिती. इतवारीतल्या एका किराणा शेठच्या काउंटरवर ग्राहकाला रक्कम दाखवणारा डिस्प्ले होता. मे महिना, पारा ४५ च्या आसपास. तक्रार एकच, "भाऊ, दुपारीच बंद पडते." मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा सकाळी, उन्हाच्या आधी. सगळं ठणठणीत. पहिल्यांदा ड्रायव्हर बदलला, दुसऱ्यांदा विंडोजचं वीज वाचवायला यूएसबी झोपवणारं सेटिंग बंद केलं. दोन्ही नुसते अंदाज होते. जे पोरांना करू नका म्हणतो तेच.

तिसऱ्यांदा दुपारी जाऊन स्टुलावर बसलो. दोन वाजता शेठ जेवायला उठले आणि जाता जाता कूलरचं बटण बंद केलं. त्याच क्षणी डिव्हाइस मॅनेजरमधून कॉम पोर्ट गेलं आणि परत आलं. डिस्प्ले मात्र परत आला नाही, कारण बिलिंगचा प्रोग्रॅम जुनंच कनेक्शन धरून बसला होता. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर, अर्थिंगची पिन तुटलेली, आणि डिस्प्लेची लांब केबल कूलरच्या वायरीला टेपनं गुंडाळलेली. मोटर बंद होताना बटणात जी ठिणगी पडते तिचा झटका थेट केबलीत शिरत होता. बोर्ड वेगळा केला, अर्थिंग नीट करून घेतलं, असले झटके दाबणारा फेराइटचा गट्टू असलेली आखूड केबल टाकली आणि ती भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं नेली. खर्च काही शेकडा रुपयांचा. सकाळच्या दोन फेऱ्यांचे पैसे मी मागितले नाहीत, मागायला तोंडही नव्हतं.

शेठ खूश झाले आणि म्हणाले, आता याच्यावर ₹ आणि 'धन्यवाद' येऊ द्या. कुणीतरी आधी तसा मजकूर पाठवून पाहिला होता, आणि एका ₹ च्या जागी तीन विचित्र चिन्हं आल्यामुळे डिस्प्ले बिघडला असंच त्यांना वाटत होतं. बिघाड नव्हता. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ₹ तीन बाइटचा, देवनागरीचं प्रत्येक सुटं अक्षर किंवा मात्राही तीन बाइटची, आणि एचडी४४७८० च्या धर्तीचा कंट्रोलर, म्हणजे डिस्प्ले चालवणारी चिप, प्रत्येक बाइटचं वेगळं चिन्ह काढतो. त्याच्या रॉममध्ये, म्हणजे कायमच्या अक्षरसाठ्यात, देवनागरी नाहीच. आपली स्वतःची अशी आठच चिन्हं त्यात बसतात, प्रत्येकी पाच बाय आठ ठिपक्यांची. त्यात ₹ मी काढून दिला, बरा जमला. 'ध' ला 'न्य' जोडून पाहिला, तो शेठनाच वाचता आला नाही. तिथे अजून इंग्रजीतलं थँक्यूच झळकतं.