लहान लाटांसाठी फॉइलची फ्रंट विंग कशी पारखावी

पावसाळा सरल्यावर गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यावर ज्या गुडघाभर लाटा उरतात, त्यांत फॉइलवर, म्हणजे बोर्डखाली पाण्यात बसवलेल्या पंखांच्या सांगाड्यावर, तरंगत राहणे हे बहुतांशी फ्रंट विंगवर, म्हणजे त्याच्या पुढच्या मोठ्या पंखावर, अवलंबून असते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीनुसार ठरतो. एक मीटर खोलीवर तो सेकंदाला सुमारे ३.१ मीटर, तर दोन मीटर खोलीवर सुमारे ४.४ मीटर असतो. विंगची उचल मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्म्यावर आला की तीच विंग त्याच कोनात चौथाईच वजन उचलू शकते.

म्हणूनच पुष्कळ जण केवळ क्षेत्रफळाचा आकडा पाहून मोठी विंग घेतात. तेवढे पुरेसे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. समजा, एक विंग १५०० चौरस सेंटिमीटरची आणि टोकापासून टोकापर्यंत ८५ सेंटिमीटर रुंद आहे, तर दुसरी १२०० चौरस सेंटिमीटरची, पण १०५ सेंटिमीटर रुंद आहे. रुंदीच्या वर्गाला क्षेत्रफळाने भागले की अ‍ॅस्पेक्ट रेशो मिळतो. तो इथे अनुक्रमे ४.८ आणि ९.२ येतो. दोन्हींचा छेद (विंग आडवी कापल्यास दिसणारा आकार) सारखा धरला, तर दुसरीला बोर्ड पाण्याबाहेर उचलायला सुमारे १२ टक्के अधिक वेग लागेल. परंतु उचल निर्माण होताना विंगच्या टोकांशी जे भोवरे उठतात आणि शक्ती खातात, त्यांचा विरोध समान वजन व वेग असताना रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे तो दुसऱ्या विंगवर जवळजवळ एक तृतीयांशाने कमी भरतो. पहिली लवकर उठते, दुसरी लांब जाते. आकडे ताडताना एक गोष्ट अवश्य तपासावी: काही कंपन्या वक्र पृष्ठाचे संपूर्ण क्षेत्रफळ देतात, तर काही वरून दिसणाऱ्या सावलीएवढेच देतात.

प्रत्यक्ष तुलना एकाच दिवशी, एकाच बोर्डवर, तोच मास्ट (बोर्डखालचा उभा दांडा), फ्यूजलाज (पुढचा-मागचा पंख जोडणारा आडवा दांडा) आणि मागचा स्टॅबिलायझर (छोटा पंख) ठेवून करावी. भरती-ओहोटीबरोबर लाट बदलत असल्याने पहिली विंग, मग दुसरी आणि पुन्हा पहिली, असा क्रम ठेवावा. विंग बदलली की उचलीचा मध्य सरकतो. त्यामुळे पायांवरचा भार पूर्वीसारखा जाणवेपर्यंत मास्ट बोर्डच्या तळाच्या ट्रॅकमध्ये (खाचेत) पुढेमागे करून घ्यावा. हे न केल्यास विंगचा दोष आणि जुळणीचा दोष यांत फरक कळत नाही.

लाट विरल्यावर पंपिंग (पायांनी बोर्ड लयीत खालीवर करून वेग मिळवणे) न करता बोर्ड कुठवर जातो, हे किनाऱ्यावरच्या ठरावीक खुणांवरून पाहावे. त्यानंतर परत आत जाण्यासाठी पंपिंग करून पाहावे: अरुंद विंग जलद आणि छोटे झोके मागते, तर रुंद विंग संथ लयीत चालते, पण वेग फार उतरला की ती बहुधा फारशी पूर्वसूचना न देता उचल सोडते. शिकाऊ सर्फरला हा शेवटचा गुण फार महाग पडतो, आणि त्याने निःसंकोच कमी अ‍ॅस्पेक्ट रेशोची विंग घ्यावी.

वळणांचा विचार वेगळा करावा लागतो. रुंद विंग एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सावकाश कलते. शिवाय १०५ सेंटिमीटरची विंग ३० अंशांत कलली की तिचे एक टोक सुमारे २६ सेंटिमीटर वर आणि दुसरे तेवढेच खाली जाते. वरचे टोक पाण्याबाहेर आल्यास हवा ओढली जाऊन उचल तुटू शकते आणि खालचे वाळूला लागू शकते. लहान लाटा अनेकदा उथळ वाळूच्या पट्ट्यावरच फुटतात, तेव्हा मास्टच्या लांबीत हे सेंटिमीटर मिळवून, त्याशिवाय थोडी मोकळी जागा राहील इतकी खोली आहे का, हे ओहोटीच्या वेळी आधी पाहून यावे.

दोन विंगांमध्ये निर्णय होत नसेल आणि पंपिंग जमत असेल, तर मी रुंद विंगच निवडेन आणि ती वळायला जड वाटल्यास आधी लहान स्टॅबिलायझर लावून पाहीन.