अडकलेलं डिपॉझिट असं सोडवलं

पुणे विद्यापीठाजवळ, औंधला खोली सोडताना घरमालक काकांनी रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट अडवलं. गावाकडून आलेल्या पोरांचे असे पैसे बुडताना पाहून जीव तुटतो, म्हणून लिहितोय. आमचा करार नुसता नोटरी केलेला होता, सरकारदरबारी नोंदवलेला नव्हता. मी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ त्यांच्यापुढे ठेवलं. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय राहायला आलो त्याच दिवशीचे फोटो होते: खिडकीखालची ओल, सुटलेले पोपडे, मीटरचं रीडिंग. काकांनी ते नीट पाहिले आणि पूर्ण रक्कम दिली. नव्या खोलीचा करार आधी ऑनलाइन नोंदवला, रंगाचा खर्च कोणाचा तेही त्यातच लिहून घेतलं.