जुनी कॅमॅरो बांधताना वेग आणि आराम यांचा मेळ कसा घालावा

१९६७ ते १९६९ या काळातली शेव्हरोले कॅमॅरो नव्याने उभी करायला घेतली, की बहुतेकांचे पहिले पैसे इंजिनावर खर्च होतात. माझ्या मते त्याआधी गाडी कुठे चालवायची आहे हे ठरवावे. ती केवळ पाव मैलाच्या शर्यतीसाठी असेल तर गोष्ट वेगळी. पण डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ऑगस्टच्या उन्हात गर्दीतून तासन्‌तास रांगत जाऊन संध्याकाळी महामार्गाने घरी परतायचे असेल, तर सुरुवात गिअरबॉक्सपासून करावी.

मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे) ४.१० आणि टायरचा व्यास २६ इंच असेल, तर ताशी ७० मैलांना, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरला, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा सर्वांत वरचा गिअर) नसलेल्या जुन्या गिअरबॉक्सच्या वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ३,७०० फेरे घेते आणि तासाभरात डोके भणभणू लागते. ७००आर४ या स्वयंचलित गिअरबॉक्सचा चौथा गिअर ०.७० चा असल्याने हेच फेरे २,६०० पर्यंत उतरतात. त्याचा पहिला गिअर ३.०६ चा आहे, त्यामुळे अ‍ॅक्सल ३.७३ चा घेतला तरी सुटतानाचा जोर कमी पडत नाही. त्याची थ्रॉटल केबल मात्र अचूक जुळवून घ्यावी, नाहीतर आतले क्लच जळतात.

कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) निवडताना मोह आवरावा. ३५० घनइंची इंजिनाला ०.०५० इंच लिफ्टवर (उचलीवर) मोजलेला, झडप उघडी राहण्याचा २२० अंशांच्या आसपासचा कालावधी पुरेसा आहे. त्याहून बराच मोठा कॅम घातला की आयडलला इंजिन डुलत गुरगुरते, आणि तो आवाज मलाही फार प्रिय आहे; पण इंजिनातला व्हॅक्यूम (हवेची ओढ) पडतो आणि त्यावर चालणाऱ्या बूस्टरच्या ब्रेकचे पेडल ऐन गर्दीत दगडासारखे कठीण होते.

१९६७ च्या कॅमॅरोला मागे एकेरी पाटे (एकाच पानाच्या स्प्रिंगा) होते, त्यामुळे जोरात सुटताना अ‍ॅक्सल उड्या मारतो. तिथे अनेक पानांचे पाटे बसवावेत. पुढच्या कंट्रोल आर्मना (चाके धरून ठेवणाऱ्या दांड्यांना) नवे रबरी बुश (सांध्यातल्या गाद्या) आणि उत्तम शॉक अब्सॉर्बर द्यावेत, कारण कडक बुश रस्त्यावरची प्रत्येक भेग सीटपर्यंत पोहोचवतात. कारखान्याने दिलेले अलाइनमेंटचे (चाकांच्या कोनांचे) आकडे बायस-प्लाय, म्हणजे तिरक्या धाग्यांच्या जुन्या टायरसाठी होते. रेडियल टायरवर कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) +४ अंशांच्या आसपास ठेवला, तर महामार्गावर सतत स्टिअरिंग सावरत बसावे लागत नाही. त्यासाठी वरचे आर्म बहुधा बदलावे लागतात.

खरा छळ उष्णतेचा असतो. गालिचा काढून रात्री इंजिनाच्या बाजूला दिवा लावावा आणि आत डॅशखाली आडवे होऊन वर पाहावे. फायरवॉलमधून (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्यातून) जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथून गरम हवा, धूर आणि आवाज आत येतो. वायरींच्या भोकांना रबरी ग्रोमेट बसवावेत आणि उरलेल्या फटी सीलंटने बुजवाव्यात. ब्यूटिलचे (कंप शोषणाऱ्या रबराचे) पत्रे सगळीकडे चिकटवून उगाच वजन वाढवू नये. गाडीच्या पत्र्याचा पाव भाग झाकला तरी कंप बराच मरतो. त्यावर उष्णतारोधक थर सलग अंथरावा. गालिचा मात्र पहिल्या लांबच्या फेरीनंतरच घालावा, म्हणजे राहून गेलेली फट तळव्याला लागलीच कळते.