कॅनडातल्या विनिपेगमधल्या पहिल्या हिवाळ्याआधी, तुमच्या जुन्या गाडीसाठी

इथे नवीन आलेलं कुटुंब पहिल्या चार-सहा महिन्यांत एक जुनी गाडी घेतंच. पंधरा वर्षांची, दोन लाख किलोमीटर पळालेली, खिशाला परवडणारी. मीही तशीच घेतली होती आणि तुम्हीही खुशाल घ्या. पण ती गाडी तुम्ही जुलैमध्ये बघितलेली असते. जानेवारीत इथलं रात्रीचं तापमान उणे २० च्या आसपास असतं, आणि मधूनच आठवडाभर उणे ३० च्या खाली जाऊन बसतं. तेव्हा बस चुकली तर थांब्यावर वीस मिनिटं उभं राहणं लहान मुलांना झेपत नाही. म्हणून हे सगळं ऑक्टोबरातच वाचा.

माझ्या पहिल्या जानेवारीत, उणे ३१ मध्ये, सकाळी साडेआठला मुलाखत होती. गाडी पकडेना. आपल्याकडे थंडीत स्कूटर चालू करायची सवय हाताला होती, म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटर पंप करत सेल्फ मारत राहिलो. पाच मिनिटांत बॅटरी पार उतरली. शेजारचे आजोबा बाहेर आले, बॉनेटजवळ वाकले आणि म्हणाले, पेट्रोलचा वास येतोय, इंजिन ओव्हरफ्लो झालंय. त्यांनी स्वतःच्या गाडीवरून केबल जोडल्या आणि मला सांगितलं, पेडल तळापर्यंत दाब, उचलू नकोस, आता सेल्फ मार. मी मनात आकडे मोजत होतो. सातव्या आकड्याला इंजिन खोकलं, नवव्याला पकडलं. पेडल पूर्ण दाबलेलं असताना सेल्फ मारला, की फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांमध्ये कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा आत जाऊन भिजलेले स्पार्क प्लग सुकतात, हे मला नंतर कळलं. एरवी मात्र या गाड्यांना पेडलला पाय लावायचाच नसतो.

त्या दिवसापासून मी आधी कान देतो. चावी फिरवल्यावर गाडी जो आवाज करते, त्यातच अर्धं निदान असतं.

कट्-कट्-कट् असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे. एकच टक् होऊन शांतता, आणि दिवे मात्र लख्ख, तर टर्मिनल, अर्थिंगची वायर किंवा स्टार्टर बघा. घर्र... घर्र... असं जड, ओढून फिरत असेल तर कमजोर बॅटरी किंवा घट्ट ऑइल. आणि इंजिन चांगलं जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, दुखणं पेट्रोलमध्ये, स्पार्कमध्ये किंवा एखाद्या सेन्सरमध्ये आहे.

बहुतेक वेळा बॅटरीच असते. उणे १८ ला चांगल्या बॅटरीचाही जोर जवळपास निम्मा होतो, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. बॅटरीवर सीसीए म्हणून आकडा असतो, तो उणे १८ ला ती किती करंट देऊ शकते ते सांगतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलाय त्यापेक्षा कमी आकड्याची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर लावून १२.६ व्होल्ट आले तर पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मा. इंजिन चालू असताना साधारण १४ च्या आसपास हवेत, नाहीतर आल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग, बघावा लागेल. पाच वर्षं झालेली बॅटरी तपासून घ्या आणि शंका असेल तर बदलाच. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून तारेच्या ब्रशने घासा. माझ्या ओळखीत नवी बॅटरी घालूनही गाडी चालू होईना, आणि क्लॅम्प नुसता आवळल्यावर झाली, असं दोनदा घडलंय.

आता जोरात फिरते पण पकडत नाही ती गाडी. चावी पूर्ण न फिरवता फक्त दिवे लागेपर्यंत फिरवा आणि कान मागच्या सीटकडे द्या. दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे, तो पेट्रोल पंप. चावी बंद करून हेच तीनदा करा, मग सेल्फ मारा. असं केल्यावर लगेच पकडली, तर रात्री लाइनमधलं प्रेशर उतरतंय हे मेकॅनिकला सांगा. त्याचा तासभर वाचेल आणि तुमचे तासाभराचे पैसे.

दुसरा गुन्हेगार कूलंटचा, म्हणजे इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याचा, तापमान सेन्सर. तो बिघडला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गरम आहे, आणि तो थंडीत लागतं तेवढं पेट्रोल सोडत नाही. तपासणं सोपं आहे. स्वस्तातला ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं छोटं यंत्र, घ्या, रात्रभर बाहेर उभ्या गाडीला ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) न लावता सकाळी चालू करण्याआधी जोडा, आणि कूलंटचं व आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. बाहेर उणे २० आणि कूलंट अधिक ४० सांगत असेल, तर चोर सापडला. स्पार्क प्लग शेवटचे कधी बदलले हे विकणाऱ्याला माहीत नसेल, तर बदलले नाहीत असंच धरा.

दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. आणि धक्का मारून चालू करणं विसरा, इथल्या जवळजवळ सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक आहेत.

इथे शेजाऱ्याकडे बूस्ट, म्हणजे त्यांच्या बॅटरीवरून केबल जोडून गाडी चालू करणं, मागायला संकोच करू नका, कोणी नाही म्हणत नाही. लाल केबल आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक तुमच्या बॅटरीला न लावता बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला. त्याआधी बॅटरीच्या बाजू बघा. उतरलेली बॅटरी इथे रात्रीत गोठते. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला बूस्ट देऊ नका, ती फुटू शकते.

आता ब्लॉक हीटर. ग्रिलमधून बाहेर लोंबणारी प्लगची वायर म्हणजे तोच. गाडी घेतानाच प्लग लावून बघा, थंड इंजिनात बारीक सुरसुर आवाज आला तर चालू आहे. उणे १५ च्या खाली लावायचाच, पण रात्रभर नको. बाहेर चालणारा टायमर लावून निघण्याआधी तीन-चार तास पुरे. भाड्याचं घर बघताना पार्किंगला प्लग आहे का आणि त्यात खरंच वीज येते का, हेही विचारा. ऑइल पुस्तकात चालत असेल तर ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू घाला. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. कूलंट निम्मं अँटिफ्रीझ, निम्मं पाणी असेल तर उणे ३७ पर्यंत तग धरतं, नुसतं पाणी भरलेलं असेल तर इंजिनचा ब्लॉकच तडकतो.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा: बंद गॅरेजमध्ये गाडी गरम करत ठेवायची नाही, दार थोडं उघडं असलं तरी नाही. बर्फ पडल्यावर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, मगच गाडी चालू करा. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसला तरी तो जीव घेतो.

आणि ब्लॉक हीटरची वायर प्लगला लावलेली असताना ती ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावरून टाकून ठेवत जा, म्हणजे न काढता निघायची वेळ येणार नाही.