जुन्या ट्रकच्या काचेची पट्टी सुटलीय? गोंद लावताना या चुका टाळा

तासगावातून द्राक्षाच्या पेट्या भरून आमचा जुना ट्रक, टाटा 407, मिरजेच्या रस्त्याला लागला, की डाव्या दाराच्या काचेभोवतीची काळी रबरी पट्टी फडफडायला लागायची. आबांचं एकच, "गोंद चोपड आन् मोकळा हो." मी तीनदा चोपडला. तिसऱ्यांदा पट्टी हातात आली, तेव्हा तिच्या पाठीवर काचेसारखा कडक पांढरा पापुद्रा होता आणि त्याला चिकटून नखाएवढा रंगाचा पोपडा. गोंदानं आपलं काम केलं होतं. खालच्या रंगानंच गंजलेला पत्रा सोडला होता.

म्हणून दुकानात जाण्याआधी सुटलेल्या पट्टीची पाठ बघा. गोंद पट्टीवर राहिलाय की पत्र्यावर, की रंगच उचकटून आलाय? रंग आला असेल तर जगातला कुठलाही गोंद उपयोगाचा नाही. गंज खरवडा, प्रायमर मारा, रंग द्या, तो पुरता वाळू द्या आणि मगच पट्टीला हात लावा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पानटपरीवरसुद्धा मिळणारी झटपट गोंदाची छोटी ट्यूब. अर्ध्या मिनिटात धरते, म्हणून माणूस खूश. पण हा गोंद वाळला की ठिसूळ होतो. रबर वाकतं, इंजिन थरथरतं, दार दणकन आपटतं. त्यात तो तडकतो. वर आजूबाजूच्या काळ्या रबरावर पांढरट डाग पडतात ते वेगळेच.

दुसरी चूक नुसतं "फेविकॉल द्या" म्हणण्याची. दुकानदार पांढरा डबा काढून देतो. तो लाकडासाठी असतो, त्यात पाणी असतं, पावसाळ्यात तो मऊ पडणारच. सीट कव्हरवाले वापरतात तो पिवळसर, उग्र वासाचा गोंद वेगळा. फेविकॉल एसआर त्याच जातीचा. रंगवलेल्या पत्र्यावर रबर बसवायचं तर हा चालतो, पण लावायची रीत पाळायला हवी. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या आणि थांबा. बोट टेकवलं तर तार सुटता कामा नये. साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात, मे महिन्याच्या उन्हात त्याहून कमी. मग पट्टी टेकवा आणि अंगठ्यानं जोर देत पुढे सरका. एकदा टेकली की सरकवता येत नाही. ओल्यावरच दाबली तर गोंदातला उडून जाणारा सॉल्व्हंट आत अडकतो आणि पट्टी आठवडाभर लोळत राहते. हे मी करून बसलोय.

सिलिकॉनची नळी घेण्याआधी वासाची खात्री करा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर वाळताना त्यातून आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. शिवाय सिलिकॉनचा पातळ थर जरी मागे राहिला, तरी त्यावर पुढे ना दुसरा गोंद बसत, ना रंग.

पट्टी रबरी नसून कडक प्लॅस्टिकची किंवा चकचकीत स्टीलची असेल, तर दुहेरी चिकटणारी ॲक्रिलिक फोम टेप बरी. तिला पूर्ण ताकद यायला साधारण 72 तास लागतात. म्हणून आज टेप लावून उद्या सर्व्हिसिंगला प्रेशरनं गाडी धुवायची नाही. पुढची काच चिकटवायचा पॉलियुरेथेन मात्र पट्टीला लावू नका. पुढे ती काढायची वेळ आली, तर पट्टी कापूनच काढावी लागेल.

पुसायचं कशानं? आपल्याकडे हात आपोआप पेट्रोलच्या बाटलीकडे जातो. पेट्रोल मागे तेलकटपणा ठेवू शकतं, थिनर जुना रंग उचलतो. आधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्म, स्वच्छ फडक्यानं. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे आधी कधी पट्टीवर मारला असेल, तर दोनदा पुसा.

आणखी एक, कोपऱ्याचं. पट्टी ओढून ताणून बसवली की त्या दिवशी सुरेख दिसते. रबर हळूहळू मूळ लांबीवर येतं आणि कोपऱ्यात बोटभर फट पडते. पट्टी नखभर लांबच ठेवून कापा आणि दाबत दाबत बसवा.

काही ठिकाणी गोंदाचं कामच नसतं. काच वरखाली होते त्या खाचेत गोंद गेला, तर काच अडकली म्हणून समजा. काचेच्या बुडाशी बाहेरून असते ती पट्टी बऱ्याचदा क्लिपवर बसते. क्लिप तुटली असेल तर क्लिपच आणा. आणि दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती सीलंटनं बुजवू नका. दार आतून कुजतं.

चौथ्यांदा पट्टी बसवली तेव्हा आबांनी नखानं कड उचकून पाहिली. निघाली नाही. म्हणाले, "आता गाडी धू." मी पाइप त्यांच्या हातातून काढून घेतला, "उद्या."