दुर्गम भागासाठी वीज निवडताय? या चुका टाळा

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "सोलर बसवायचंय, किती किलोवॅटचं घेऊ?" ग्रिडपासून लांब असलेल्या वस्तीला वीज कशी द्यायची याचा विचार तिथून सुरू केला की पुढचं सगळं चुकत जातं. ऊन, वारा, ओढा, लाकूडफाटा, डिझेल, शिवाय लांबून तार ओढून आणणं, हे सगळे पर्याय एका कागदावर आल्याशिवाय मी कुणालाही आकडा सांगत नाही.

चांगल्या दिवशी केलेलं मोजमाप

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मी स्वतः ती केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

एका वस्तीजवळ बारमाही ओढा होता. पावसाळा नुकताच संपला होता. आम्ही तरंगत्या लाकडाच्या तुकड्याने वेग मोजला, पात्राची रुंदी-खोली घेतली आणि प्रवाह काढला सेकंदाला साधारण ४० लिटर. उतार २० मीटरचा. सूत्र सोपं आहे: ९.८१ गुणिले प्रवाह (लिटरमध्ये) गुणिले उंची (मीटरमध्ये), म्हणजे ७,८४८ वॅट, साधारण ७.८ किलोवॅट. छोट्या संचात पाइपमधलं घर्षण, टर्बाइन (पाण्याच्या जोरावर फिरणारं चाक), जनित्र यांत निम्मं जातं असं धरलं तरी जवळजवळ ४ किलोवॅट हातात. सगळे खूश. "बारमाही आहे ना?" एवढंच मी विचारलं आणि "हो" या उत्तरावर थांबलो.

भर उन्हाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा ओढा वाहतच होता. लोक खोटं बोलले नव्हते. पण सगळं पाणी एका पाइपात घेऊन बादली धरली, तर २० लिटरची बादली भरायला साडेतीन सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला सहा लिटरसुद्धा नाहीत. हिशोबाने अर्धा किलोवॅट निघतो, पण ४० लिटरसाठी घेतलेलं टर्बाइन तेवढ्या पाण्यावर धड फिरेचना. वस्ती दोन महिने अंधारात राहिली, आणि ते माझ्यामुळे.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात मी स्वतः बादली धरतो. तोवर टर्बाइनचं नावही काढत नाही. थांबायची तयारी नसेल, तर पाण्याच्या भानगडीत पडूच नका. सोलरलाही हेच लागू: हिशोब सर्वांत ढगाळ महिन्यावर करायचा, वर्षाच्या सरासरीवर नाही.

वाऱ्याचा अंदाज झाडं बघून घेणं

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. सेकंदाला ४ मीटर आणि ६ मीटर यांत फरक दीडपट दिसतो, वीज मात्र सव्वातीन पटींहून जास्त बदलते. नियोजित उंचीवर वर्षभर वेगमापक लावा. नाहीतर पवनचक्की विसरा.

महिन्याची युनिटं धरायची, संध्याकाळ विसरायची

"घरटी महिन्याला ३० युनिट" हा आकडा मला फार कमी सांगतो. संध्याकाळी सातला एकदम काय काय चालू होतं ते सांगा. थेट सुरू होणारी पंपाची मोटर सुरुवातीला नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. अशा एका मोटरने रोज ठरल्या वेळी सगळ्या वस्तीचा इन्व्हर्टर बंद पाडलेला मी पाहिलाय आणि लोक बिचारे पॅनल पुसत बसले होते. मी घरोघर जाऊन तासागणिक वही भरतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

मागणीला मर्यादा घालणं हाही एक पर्यायच आहे, आणि तो कुणी कागदावर मांडत नाही. स्कॉटलंडमधल्या एग बेटावर २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन मिळून वीज देतात. तिथे घराला ५ आणि व्यवसायाला १० किलोवॅट अशी मर्यादा आहे. हे आधीच ठरलं असलं की संच आटोक्यात राहतो.

बॅटरीवर लिहिलेला आकडा खरा मानणं

लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर मरते. रात्रीला १० युनिट आणि दोन ढगाळ दिवसांची तरतूद हवी असेल, तर २० नव्हे, ४० युनिटांची बॅटरी लागते. लिथियममध्ये हे गणित बरंच हलकं होतं.

डिझेल जनरेटर भंगारात काढणं

घाई करू नका, वाईट आठवड्यासाठी तो राहू द्या. फक्त क्षमतेच्या ३० टक्क्यांखालच्या लोडवर तासन्‌तास चालवू नका. अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. तुलना करताना डिझेलच्या दरात ते तिथवर पोचवायचा खर्चही धरा.

फक्त बसवण्याचा खर्च बघणं

२० वर्षांचा एकूण खर्च मांडा, त्यात बॅटऱ्या किती वेळा बदलाव्या लागतील तेही लिहा, आणि त्याला मिळणाऱ्या युनिटांनी भागा. स्वस्त वाटलेला पर्याय इथे पुष्कळदा यादीत खाली घसरतो.

माझ्या तक्त्यात प्रत्येक पर्यायासमोर शेवटचा रकाना माणसाच्या नावाचा असतो: बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार, पाण्याच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा कोण काढणार. ते नाव त्याच वस्तीतलं लागतं, आणि त्या माणसाशी स्वतः बोलल्याशिवाय मी तो रकाना भरत नाही.